ससा शिजवायचा कशात: कुकर, पातेलं की तवा?

पुण्यात ससा घरी आला की तो सवयीने मटणासारखा कुकरात जातो. चार-पाच शिट्ट्या होतात, झाकण उघडतं आणि आत रस्सा पाणचट, मटण मात्र दोरीसारखं सुटलेलं आणि कोरडं. मग "सशाला चवच नसते" असा शेरा बसतो. दोष सशाचा नसतो. बकऱ्याच्या मटणात चरबी असते, ती वितळून तंतूंना मऊ ठेवते आणि वर तर्रीही आणते. सशाच्या मांसात चरबी नावापुरतीच, तीही बहुतेक मूत्रपिंडाभोवती. त्यामुळे चूक झाकायला काही उरत नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. रानातल्या सशाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्याची शिकार आणि विक्री गुन्हा आहे. शिवारातला म्हणून कुणी आणून दिला तरी घेऊ नये. इथलं सगळं पाळलेल्या, फार्मवरच्या सशाबद्दल आहे.

भांडं ठरवण्याआधी सशाचं वय ठरवा. तीन-साडेतीन महिन्यांचा ससा साफ केल्यावर साधारण 1 ते 1.3 किलो भरतो, मांस फिकट गुलाबी असतं. पावणेदोन-दोन किलोच्या वर गेलेला, लालसर मांसाचा ससा बहुतेक वेळा पैदाशीतून काढलेला, जून असतो. सकाळी कापलेला दुपारी शिजवू नका. मांस ताठरलेलं असतं, ते कशातही चिवट लागतं. झाकून 24 तास फ्रिजमध्ये ठेवा.

तुकडेही महत्त्वाचे. सशाची हाडं बारीक आणि ठिसूळ. चिकनसारखे सत्तूरने खटाखट तुकडे केले की टोकदार कण्या रश्श्यात उतरतात आणि घास घेताना दाताखाली येतात. दुकानदाराला सांध्यावर कापायला सांगा: मागचे दोन पाय, पुढचे दोन, बरगड्या, आणि पाठ तीन तुकड्यांत. पाठीवरचा पांढरट चमकदार पापुद्रा सुरीचं टोक खाली घालून सोलून काढा. तो राहिला तर तापल्यावर आवळतो आणि तुकडा वाकडा होतो. शेपटीच्या मुळाशी पिवळसर-तपकिरी गाठी असतात, त्याही काढा, उग्र वास त्यांचाच. मग 1 लिटर पाण्यात 40 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. एवढ्या कमी चरबीच्या मांसाला ओलावा धरून ठेवायला याइतका सोपा उपाय नाही. नंतर रश्श्यात मीठ बेताने. कच्ची पपई कोवळ्या सशाला लावूच नका, वरचा थर पिठूळ होतो आणि आतला तसाच राहतो.

पातेलं

कोवळ्या सशासाठी आमचं मत निर्विवाद पातेल्याच्या बाजूने. जाड बुडाचं घ्या. 1.2 किलोला 6 मोठे चमचे तेल, हे जास्त वाटलं तरी कमी करू नका, तर्री यातूनच येणार आहे. पाय आणि बरगड्या पुसून कोरड्या करा आणि एका थरात पाच-सहा मिनिटं परतून सोनेरी करा. गर्दी केली तर पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी उकडतं. तुकडे बाजूला काढून त्याच तेलात तीन मध्यम कांदे, दोन चमचे आलं-लसूण, दोन चमचे कांदा-लसूण मसाला, अर्धी वाटी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परता. तुकडे परत घाला, तीन वाट्या गरम पाणी ओता, झाकणावर पाणी ठेवा आणि आच अगदी मंद करा. रस्सा खळखळता नाही, कडेला एखाददुसरा बुडबुडा यावा इतकाच. मागच्या पायाला 50 ते 60 मिनिटं लागतात. सुरीचं टोक मांडीत सहज शिरलं की झालं.

पाठीचे तुकडे मात्र शेवटच्या 12 ते 15 मिनिटांत घाला. पाठ आणि पाय एकाच वेळी घालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पाय शिजेपर्यंत पाठीचा भुसा झालेला असतो.

कुकर

पातेल्यात पाणी पुण्याच्या उंचीवर जेमतेम 98 अंशांना उकळतं, कुकरात तापमान 115-120 च्या आसपास जातं. वेळ आणि गॅस वाचतो तो त्यामुळे, आणि मांस पिळवटतं तेही त्यामुळेच. कोवळा ससा कुकरात लावायचाच असेल तर फक्त पाय आणि बरगड्या, एक वाटी पाणी, एक शिट्टी आणि मग मंद आचेवर 6 ते 8 मिनिटं. शिट्टी उचलून वाफ सोडू नका. दाब एकदम उतरला की आतला रस्सा उसळतो आणि मांसातलं पाणी बाहेर फेकलं जातं. झाकण उघडल्यावर पाठीचे तुकडे घालून 10-12 मिनिटं मंद उकळी द्या.

जून सशाला मात्र कुकरच हवा. एका शिट्टीनंतर मंद आचेवर 18 ते 20 मिनिटं. पातेल्यात त्याला दीड-दोन तास लागतात.

तवा

तवा फक्त पाठीच्या मांसाला आणि काळजाला. पाठीचं मांस हाडावरून सोडवून दोन सेंटीमीटर जाड कापा. दही, हळद, तिखट लावून अर्धा तास ठेवा, तापल्या तव्यावर प्रत्येक बाजू दोन-अडीच मिनिटं. मधोमध 71 अंश तापमान हवं, थर्मामीटर नसेल तर कापून बघा: गुलाबी रंग उरू नये, रस पारदर्शक असावा. काळजावरची पित्ताची पिशवी न फोडता काढा. फुटली तर तेवढा भाग कापून टाका, धुऊन कडूपणा जात नाही. कच्ची मांडी तव्यावर कधीच नको, बाहेरून करपते आणि हाडाजवळ कच्ची राहते.

पाच माणसांना रस्सा, इंद्रायणी भात आणि भाकरी असा बेत असेल तर पातेलं. वेळ तासापेक्षा कमी असेल तर कुकर, वरची वेळ पाळून. चार माणसांनाच पुरेसं हवं असेल तर पायांचा रस्सा आणि पाठीचं तव्यावरचं सुकं असं एकाच सशातून दोन्ही करा, तुकड्यांना न्याय यातच मिळतो.

उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी तुकड्यांसकट उकळू नका. तुकडे बाहेर काढा, रस्सा खळखळून उकळा, मग त्यात तुकडे सोडून झाकण ठेवा आणि मंद आचेवर आतपर्यंत कडकडीत गरम होतील इतकंच ठेवा.