भिरंडेल की खोबरेल?

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सोलांच्या, म्हणजे कोकमाच्या वाळवलेल्या सालींच्या, ढिगाशेजारी कधीकधी मुठीत वळलेले फिकट पिवळे गोळे दिसतात. ते भिरंडेल, कोकमाच्या बियांचं. बिया वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या. वर आलेलं तूप गार झालं की काढून हातानं वळायचं. आजी तो गोळा समईच्या ज्योतीवर धरायची आणि पाघळलेला थेंब थेट टाचेच्या भेगेत सोडायची. चटका बसायचा, आम्ही ओरडायचो. पण आठवड्याभरात भेग मऊ पडलेली असायची.

खोबरेल साधारण २४-२५ अंशांनाच वितळतं, त्यामुळे आपल्या हवेत ते बहुतेक वर्षभर पातळच. भिरंडेलाला ४० च्या आसपास तापमान लागतं. त्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल हे मेदाम्ल, म्हणून ते घट्ट राहतं आणि त्वचेवर थर धरून ओल अडवतं. लिप बाम, बॉडी बटर करणाऱ्यांना ते आवडतं ते यासाठीच. भर उन्हाळ्यात गाडीत ठेवलेल्या डबीत मात्र तेही वितळतं!

खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल. ते काही जंतूंना आवरतं. अंगाला, केसांना उत्तमच, पण तेलकट चेहऱ्यावर ते रंध्रं बुजवू शकतं. मला गालावर पुळ्या आल्या, तेव्हापासून चेहऱ्याला बंद.

टाचा आणि ओठ भिरंडेलाचे, बाकी अंग खोबरेलाचं, अशी आमच्या घरची वाटणी आहे. वासात मात्र खोबरेलच जिंकतं.