रिकॉल की महाभियोग? हट्टी गव्हर्नरला घरी पाठवायचं तर

अमेरिकेत राज्याचा कारभार चालवणारा गव्हर्नर थेट लोकांमधून निवडून येतो. तो कुणालाच जुमानेनासा झाला, तर काही राज्यांत सह्या जमवून रिकॉलची, म्हणजे त्याला मुदतीआधी हटवायचं का हे ठरवणारी, निवडणूक लावता येते, नाहीतर राज्याच्या विधिमंडळाने महाभियोग, म्हणजे आरोप ठेवून पदावरून काढायची कारवाई, चालवायचा. कॅलिफोर्नियात नुकतेच नागरिक झालेले ओळखीचे लोक विचारतात, "रिकॉलच्या अर्जावर सही करू का?" मला काय वाटतं ते सांगतो, पटलंच पाहिजे असं नाही.

रिकॉलची जमेची बाजू मोठी आहे. विधिमंडळ गव्हर्नरच्या खिशात असलं तरी लोकांचं अडत नाही. कॅलिफोर्नियात गव्हर्नरपदाच्या गेल्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या १२ टक्के सह्या पुरतात, गुन्हा सिद्ध करावा लागत नाही. २००३ मध्ये इथले गव्हर्नर ग्रे डेव्हिस रिकॉलमध्ये पदावरून गेले ते वीजटंचाई, तुटीचं बजेट आणि वाढलेला गाड्यांचा कर यांवरच्या रागामुळे. पण सह्या गोळा करणारे बऱ्याचदा दर सहीमागे पैसे घेणारे असतात. किराणा दुकानाबाहेर टेबल मांडून बसलेल्या एका मुलाला मी विचारलं, "यात नेमका आरोप काय?" त्याने उत्तराऐवजी आणखी दोन-तीन अर्ज पुढे सरकवले, भलत्याच विषयांवरचे.

तेही चालवून घेतलं असतं. माझं मत फिरलं ते २०२१ मध्ये टपालाने घरी आलेल्या मतपत्रिकेमुळे. पहिला प्रश्न, तेव्हाचे गव्हर्नर न्यूसम यांना हटवायचं का. दुसरा, हटवलं तर कोण? त्यासाठी ४६ नावं, आणि त्यांत न्यूसम यांचं नाव घालायला नियमाने बंदी. म्हणजे ४९ टक्के लोकांना गव्हर्नर हवा असला तरी तो जाणार, आणि २५ टक्केवाला सगळ्यांत पुढे असला तर तो बसणार! त्यातून गव्हर्नरचाच पक्ष सांगत होता की दुसरा प्रश्न कोरा सोडा. मी पहिल्यावर 'नाही' म्हटलं आणि दुसऱ्यापाशी बराच वेळ पेन हातात धरून बसलो. शेवटी त्यातल्या त्यात बऱ्या वाटलेल्या माणसापुढे खूण केली. विस्कॉन्सिनमध्ये हा घोळ नाही. तिथे गव्हर्नर स्वतःच उमेदवार असतो. २०१२ मध्ये स्कॉट वॉकर तसे उभे राहिले आणि जिंकले.

महाभियोगाची खोट उघड आहे: सहसा सिनेटमध्ये, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात, दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे बहुतेक वेळा गव्हर्नरच्याच पक्षातले लोक फुटावे लागतात. तरी ते फुटतात. ॲरिझोनाचे गव्हर्नर इव्हॅन मेकॅम हे याचं नमुनेदार उदाहरण. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी रद्द करून त्यांनी कारभाराला सुरुवात केली आणि टीका झाली तसे ते आणखीच ताठले. त्यांच्याविरुद्ध रिकॉलच्या सह्या पुरून उरल्या, १७ मे १९८८ ही तारीखही ठरली. पण त्याआधीच, ४ एप्रिलला, त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचं बहुमत असलेल्या सिनेटने त्यांना काढलं. सरकारी निधीतले ८०,००० डॉलर स्वतःच्या मोटारींच्या डीलरशिपला कर्जाऊ दिल्याचा आरोप २६ विरुद्ध ४ मतांनी सिद्ध धरला गेला. रिकॉलची निवडणूक मग रद्द झाली. पुढे फौजदारी खटल्यातून ते सुटले, हेही सांगायला हवं. महाभियोग म्हणजे कोर्ट नव्हे. पण आरोप कागदावर होते, साक्षी झाल्या, आणि कुणी कसं मत दिलं ते आजही नावानिशी दिसतं. मला हे जास्त भावतं.

इलिनॉयची सोय तर मला आणखी बरी वाटते. गव्हर्नर ब्लागोयेविच यांना २००९ मध्ये तिथल्या सिनेटने ५९ विरुद्ध ० मतांनी काढलं, आणि पुढच्या वर्षी राज्याने गव्हर्नरसाठी रिकॉलही आणला. मात्र सह्या गोळा करण्याआधी दोन्ही पक्षांचे मिळून खालच्या सभागृहातले २० प्रतिनिधी आणि १० सिनेटर यांची संमती लागते. आपल्याकडे थेट निवडलेल्या सरपंचावरचा अविश्वास ठराव आधी सदस्यांपुढे आणि मग ग्रामसभेपुढे जातो, साधारण तसंच.

कॅलिफोर्नियात ती सोय नाही. तेव्हा सही करायचीच असेल तर अर्जातलं कारण स्वतः वाचून करा. सही म्हणजे मत नव्हे, नंतर 'नाही' म्हणायची मोकळीक राहतेच. मी मात्र आधी माझ्या मतदारसंघातल्या आमदाराच्या कार्यालयात महाभियोगाची मागणी करणारं पत्र धाडीन.