हेलिओस ४४-२ घ्यावी की सुपर टाकुमार ५० एमएम?

मिररलेस कॅमेऱ्यावर जुनी मॅन्युअल लेन्स (फोकस हाताने करायची) लावायचीय आणि या दोघींत अडकलोय, कुठली घेऊ, असं बरेच जण विचारतात. दोन्हींना एम४२चे आटे (लेन्स कॅमेऱ्यावर फिरवून बसवायची जुनी पद्धत), एकच साधा ॲडॉप्टर चालतो, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

हेलिओस म्हणजे ५८ एमएम एफ/२ (एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त), सोव्हिएत लेन्स, डिझाइन मूळचं जर्मनीतल्या झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सचं. हिची खरी मजा गरगरणाऱ्या बॅकग्राउंडमध्ये. कडेकडून येणारा प्रकाश लेन्सच्या नळीतच थोडा कापला जातो, म्हणून कडेचे धूसर झालेले प्रकाशाचे गोल ठिपके बदामासारखे होऊन मधल्या विषयाभोवती फिरल्यासारखे दिसतात. पण त्यासाठी मागे झाडाची पानं हवीत, कोऱ्या भिंतीसमोर काही होत नाही! समोरून ऊन आलं की कॉन्ट्रास्ट (उजेड-काळोखातला फरक) पार घसरतो.

टाकुमार (एफ/१.४, सात काचांची) जपानी, अंधारात हेलिओसच्या दुप्पट प्रकाश घेते आणि फोकस रिंग इतकी लोण्यासारखी फिरते की वापरतच राहावंसं वाटतं. हेलिओसमध्ये ॲपर्चरच्या (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या) दोन रिंगा, सवय होईपर्यंत गोंधळ. टाकुमारची अडचण वेगळी, तिच्या काचेत थोरियम हा किरणोत्सर्गी धातू आहे, त्याच्या किरणोत्सर्गाने काच वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते. यूव्ही दिव्याखाली काही दिवस ठेवली की बरीच निवळते.

पैशात हेलिओस सहसा स्वस्त. बुरशी मात्र दोन्हींत टॉर्च मारून बघाच, विकणारा ‘मिंट’ (अगदी नव्यासारखी) म्हणाला तरी.

बागेतले पोर्ट्रेट आणि कमी बजेट असेल तर हेलिओस. घरातले, संध्याकाळचे, रोजचे फोटो काढायचे असतील तर टाकुमारच घ्या.