उंची आणि ऐसपैसपणा : फोर्ड एक्सप्लोरर व क्राउन व्हिक्टोरिया

घरात मुले लहान असतील आणि दारात एकच गाडी ठेवायची असेल, तर २०२० नंतरची फोर्ड एक्सप्लोरर ही उंच एसयूव्ही घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही फोर्डचीच क्राउन व्हिक्टोरिया, म्हणजे २०११ मध्ये बंद झालेली ती लांबलचक अमेरिकी सेडान, पाठोपाठ चालवली की एसयूव्हीच्या उंचीपायी आपण काय काय सोडून दिले आहे, ते लक्षात येते.

सेडान सुमारे ५.४ मीटर लांब, म्हणजे एक्सप्लोररहून फूटभर जास्तच. पण तिची उंची जेमतेम दीड मीटर, तर एक्सप्लोरर पावणेदोन मीटरच्या वर जाते. ही तफावत वळणावर आणि खराब रस्त्यावर जाणवते. उंच गाडी वळताना फार कलू नये म्हणून तिचे सस्पेन्शन कडक ठेवावे लागते आणि मग रस्त्यातला लहानसा सांधाही पाठीपर्यंत पोहोचतो. सेडानला ती धास्ती कमी. वेगळ्या चॅसिसवर, म्हणजे खालच्या पोलादी सांगाड्यावर, बसवलेली तिची बॉडी तोच सांधा ओलांडताना एकदा हलकेच खाली जाते, वर येते आणि स्थिरावते; लांबच्या प्रवासात कंबरेला हे सुख फार मोलाचे वाटते. काही गाड्यांत पुढचे आसन बाकासारखे सलग आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत असल्याने पुढेही तिघे बसतात. डिकीचे तर मला खरोखर आश्चर्य वाटले : सेडानची सुमारे ५८० लिटरची, आणि एक्सप्लोररची आसनांची तिसरी रांग उभी असताना त्याहून कमीच. अर्थात रांगा दुमडल्या की एसयूव्हीची बरोबरी सेडानला करता येत नाही.

इंजिनाच्या बाबतीत मात्र नवी गाडी सरळ पुढे आहे. तिचे २.३ लिटरचे टर्बो इंजिन ३०० अश्वशक्ती देते आणि १० गिअर असल्याने इंधनही कमी खाते, जुन्या ४.६ लिटर व्ही-८ला ४ गिअरवर भागवावे लागते, पण ते ज्या शांतपणे ओढते, त्याची सर टर्बोला नाही.

गुडघे दुखणाऱ्या माणसाला एक्सप्लोररमध्ये न वाकता बसता येते आणि समोर अडथळा आला तर गाडी स्वतःहून ब्रेक लावते. केवळ या दोन गोष्टींसाठीही मी ती निवडेन. मात्र उंच बॉनेटच्या अगदी पुढ्यात उभे असलेले लहान मूल चालकाला दिसत नाही, हे मुलांच्या आईवडिलांनी कायम ध्यानात ठेवावे.

सेडानच हवी असेल, तर २००३ किंवा त्यानंतरची पाहावी, कारण त्या वर्षी चॅसिस नवी झाली आणि स्टिअरिंगचा जुना ढिलेपणा गेला. ज्या भागात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथली गाडी असेल तर ती वर उचलून चॅसिसचा गंज तपासल्याशिवाय व्यवहार करू नये.