शंकूची भट्टी: कोळसा झकास, माहितीपत्रक घातक

काड्यांचा कोळसा करून तो शेतात घालायचा, त्यासाठीची ही भट्टी दोन हंगाम वापरून मग लिहितोय. वस्तू अगदी साधी: वर रुंद, खाली निमुळता असा पत्र्याचा शंकू. झाकण नाही, धुराडं नाही. बघून वाटलं, यात सगळ्याची राखच होणार. पण वरची ज्वाळाच हवा अडवते; तिच्याखाली दबलेल्या काड्यांना प्राणवायू मिळत नाही आणि त्यांचा कोळसा होतो. निखाऱ्यांवर पांढुरकी साय धरली की पुढचा थर टाकायचा. ती वेळ डोळ्यांनीच शिकावी लागते. माझ्या पहिल्या दोन भट्ट्या गप्पांच्या नादात राख झाल्या.

काड्या कडकडीत वाळलेल्या हव्यात, नाहीतर नुसता धूर. १०० किलोतून जेमतेम २० किलो कोळसा निघतो. आणि विझवायला पाणी किती! कोरडवाहू माणसानं ते आणायचं कुठून? मी आता वरून ओली माती दाबतो आणि पूर्ण गार झाल्यावरच उघडतो.

तक्रार आहे ती माहितीपत्रकाची. 'कोळसा थेट मातीत मिसळा' असा सल्ला, शेजारी अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीचा, टेरा प्रेटाचा फोटो. मी ऐकलं आणि महिनाभरात रोपं पिवळी पडली. कोरा कोळसा उपाशी असतो, मातीतलं नत्र आधी स्वतःच धरून बसतो. त्या काळ्या मातीत कोळशाबरोबर हाडं, विष्ठा, खरकटं असं काय काय शतकानुशतकं पडत गेलं होतं, ते पत्रकात कुठेच नाही. पुढच्या हंगामात कोळसा कुटून महिनाभर कंपोस्टात मुरवला, मगच घातला. (कुटण्याआधी ओला करा, ती धूळ छातीत जाते.)

रेताड पट्ट्यात फरक पडला. पाणी दिल्यावर दुसऱ्याच दिवशी कोरडीठाक होणारी माती आता चौथ्या दिवशीही बोटाला गार लागते. चिकण मातीच्या तुकड्यात मात्र काहीच नाही. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लपणाचं माप) आधीच ८ च्या वर असेल तर जपून, राख मिसळलेला कोळसा तो आणखी चढवतो. घातलेला कोळसा परत काढता येत नाही, शेकडो वर्षं तिथेच राहतो. तेव्हा आधी एकाच वाफ्यात करून बघा.

भट्टीला पाचपैकी चार तारे. एक कापला तो उचलायच्या कड्यांसाठी: इतक्या आखूड आहेत की ओतताना हात भाजतो. मी त्यांत लांब पाइप अडकवून घेतलाय.