कानामागचं चावमीटर: पाच महिन्यांनंतर

ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून देता देता डॉक्टरांनी विचारलं, "जेवायला किती वेळ लागतो?" मी ठोकून दिलं, पंधरा मिनिटं. घरी घड्याळ लावून पाहिलं तर साडेसहा निघाली. सकाळी मुलुंडहून आठची फास्ट, दुपारी फोर्टातल्या ऑफिसात अर्ध्या तासाची सुट्टी, त्यातही डबा गरम करायची रांग. घास चावायचा असतो हे विसरूनच गेले होते.

म्हणून जानेवारीत हे यंत्र घेतलं. पुढे तक्रारी आहेत, म्हणून कंपनीचं नाव देत नाही. कानामागे अडकवायचं आणि ब्लूटूथने फोनला जोडायचं. जेवताना कानामागे बोट ठेवून पाहा, जबड्याबरोबर तिथली कातडीही हलते. सेन्सर तेच मोजतो. भराभर गिळायला लागलं की बारीक थरथरतं. टार्गेट घासाला ३०. हा आकडा काही कंपनीच्या मनचा नाही, जपानच्या आरोग्य मंत्रालयानेही २००९ मध्ये तीसचाच प्रचार सुरू केला होता.

पण आपल्या ताटात वरणभात असतो! सातव्या चावण्यानंतर तोंडात काही उरतच नाही, यंत्र मात्र थरथरतच राहतं. पहिला आठवडा मी अक्षरशः हवा चावली आणि जबडा दुखवून घेतला. ज्वारीच्या भाकरीला २५-२८ आपसूक होतात. पोळीभाजीला माझे दहाच व्हायचे, ते आता वीसवर आलेत. दादरला उभ्याने खाल्लेला अख्खा वडापाव: ३१. घासाला नव्हे, एकूण.

एक मात्र मजेशीर. नुसत्या पोळीचा तुकडा तीस वेळा चावला की गोड लागायला लागतो. लाळेतल्या अमायलेजमुळे पिठाची साखर व्हायला तोंडातच सुरुवात होते, हे शाळेत घोकलं होतं. चव पंचेचाळिसाव्या वर्षी कळली.

आता तक्रारी. चष्म्याची काडी आणि ह्याचा हूक एकाच जागेसाठी भांडतात. मे महिन्यात घामाने इतकं घसरायचं की एकदा भाजीत पडता पडता वाचलं. गप्पा आणि चावणं ह्यातला फरक त्याला कळत नाही: ऑफिसात मैत्रिणीच्या नणंदेची कहाणी रंगली त्या दिवशी मला "उत्कृष्ट" शेरा मिळाला. बडीशेप खाल्ली तरी नवं जेवण मांडतं. ॲपमध्ये भाकरी, थालीपीठ काही नाही, सगळं "फ्लॅटब्रेड". हूक तुटला तेव्हा दुरुस्तीला तीन आठवडे लागले, वर फोन केला की "आपला कॉल महत्त्वाचा आहे".

फायदा? जेवण अठरा मिनिटांवर गेलंय. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वीसेक मिनिटं लागतात म्हणतात, त्यामुळे असेल, तिसऱ्या पोळीची आठवण होत नाही. वजन दीड किलो उतरलंय, पण संध्याकाळचा वडापावही सुटलाय, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं? जळजळ नक्की कमी आहे. साडेसहा हजारांना मात्र हे महागच. कुणाचं महिनाभर उसनं मिळालं तर वापरून बघा, तेवढ्यात सवय लागते.

एका रविवारी गंमत म्हणून सासूबाईंच्या कानाला लावलं. त्यांना कवळी आहे. पोळीच्या एका घासाला ४६! आमची ताटं बेसिनमध्ये गेली तरी त्या निम्म्यावर असायच्या, आणि आम्ही समजायचो की टीव्ही बघत बसतात. एकट्याच जेवत असायच्या इतकी वर्षं.

हल्ली यंत्र बहुतेक दिवस ड्रॉवरमध्येच असतं. रात्री मी सासूबाईंच्या चालीने जेवते, तरी त्या शेवटच्याच. परवा मी घाईघाईत उठायला लागले तर म्हणाल्या, "ते कानातलं कुठंय गं तुझं? घालून बस बघू."