हापूसची कलमं म्हणून रायवळ गळ्यात मारली, ४३,४०० रुपये गेले

सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. दरवर्षी फळ्यावर कलमाची आकृती काढायचे: खाली खुंट म्हणजे मुळांचं रोप, वर कलमकाठी म्हणजे हव्या त्या जातीची काडी, मध्ये पाचरीचा जोड. आणि निवृत्त होऊन वर्ष झालं नाही तोवर कलमाच्याच नावाखाली लुबाडले गेले. लिहिताना लाज वाटते, पण घरची बाग लावून देतो म्हणणारा तो माणूस अजून मुलुंड-भांडुपकडे फिरतोय म्हणून लिहिते.

आमचं घर तळमजल्यावर. मागे २८ बाय ११ फुटांची पट्टी आहे, सोसायटीनं लेखी परवानगी दिलेली. तिथे दोन हापूस, एक चिकू, एक पेरू, दोन लिंबं आणि कडेनं कामिनीचं कुंपण, असा त्याचा प्लॅन. रंगीत कागदावर झाडांचे हिरवे गोल काढून आणले होते. आंबा पारंपरिक पद्धतीनं दहा बाय दहा मीटरवर लावतात आणि माझी अख्खी पट्टी लांबीला साडेआठ मीटर. मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण तो म्हणाला, "काकू, छाटणीवर ठेवायचा." छाटून आंबा आटोक्यात ठेवता येतो, हे काही खोटं नाही. निम्मं खरं बोलणाऱ्याला कसं पकडायचं, सांगा.

पैसे असे गेले. १८,००० ॲडव्हान्स. १६,४०० झाडं आणि लाल माती उतरवल्यावर. ९,००० ठिबकचे, "उद्यापासून रेट वाढतोय" म्हणून रात्री साडेनऊला, जेवण अर्धवट टाकून मी जीपे केले. ठिबक आलं नाही. पुढचं तुम्हाला सांगायला नकोच: आधी "गावी आहे", मग "आई ॲडमिट आहे", मग फोन बंद.

पण माझी झोप उडते ती टेम्पो आला त्या सकाळच्या आठवणीनं. आंब्याच्या पिशव्यांवर शेवाळ धरलेलं, खालून मुळं बाहेर आलेली. "वर्षाची कलमं आहेत," असं तोच म्हणाला. आणि खोडावरची प्लास्टिकची पट्टी? कोरी करकरीत, धुळीचा कण नाही. अहो, जोड जुळला की काही महिन्यांत ती पट्टी सोडवतात, नाहीतर खोडाला काचते. वर्षाच्या कलमावर नवी पट्टी कशाला असेल? मी नुसतं बोट लावलं तर ती सैल बांगडीसारखी खाली घसरली. आणि मी काय करावं? जोडाला धक्का लागला की काय म्हणून घाबरून, अगदी हलक्या हातानं परत वर सरकवून ठेवली! वर त्याच्या पोरांना चहा दिला.

दिवाळीला भाचा आला. तो दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला. त्यानं ब्लेडनं पट्टी कापली. खाली खोड सरळ, गुळगुळीत, जोडाची गाठ कुठेच नाही. कोयीपासून उगवलेली साधी रायवळ रोपं. चिकूकडे बघून तर तो हसायलाच लागला. पानांची टोकं आत खाचलेली, म्हणजे खिरणी. चिकूचं कलम ज्या खुंटावर बांधतात, तो नुसता खुंट मला १,५०० रुपयांना विकला होता. कामिनीच्या ६० रोपांतली ३४ वाळलेली. ओढली तर उदबत्तीच्या काडीसारखी हातात आली, मूळच नाही. वर भाचा म्हणतो, लिंबाशेजारी कामिनी लावूच नये, लिंबावरचा सिला कीटक तिच्यावर पोसतो. तुम्हीही लावू नका. आणि कुंपणाची रोपं घेताना दोन-चार पिशवीतून काढून मुळं बघाच, नर्सरीवाला कितीही तोंड वाकडं करो.

पोलीस चौकीत गेले. "झाडं मिळाली ना, बाई? मग फसवणूक कसली? हे सिव्हिल मॅटर." मी म्हटलं, ठिबकचे नऊ हजार तरी? तर म्हणे अर्ज द्या. अर्ज दिला. आठ दिवसांनी गेले तर अर्ज कुठे ठेवलाय ते त्यांनाच माहीत नाही. बँकेत गेले, "पिन तुम्हीच टाकलाय, मॅडम." कृषी खात्याच्या ऑफिसात तर कमाल. फळझाडांची रोपं विकायला परवाना लागतो, तसा १९६९ चा कायदा आहे महाराष्ट्रात. त्याची प्रिंट घेऊन गेले. साहेब जेवायला गेलेले. तास-दीड तासानं आले, प्रिंट उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "मुंबईत शेती कुठे आहे?" मग म्हणाले, नर्सरी ज्या जिल्ह्यात असेल तिथे तक्रार करा. नर्सरी कुठे आहे? तेच तर मला शोधून हवंय! ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, हे मला माहीत आहे. पण समोरच्याचा पत्ता काय लिहू? माझ्याकडे आहे फक्त एक बंद नंबर, आणि पावती म्हणून व्हॉट्सॲपवर आलेला एक अंगठा.

म्हणून बिलावर परवाना क्रमांक आणि पत्ता असल्याशिवाय एक रुपया देऊ नका. ऑनलाइन पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी मात्र तो माणूस फोन उचलेल म्हणून अकरा दिवस वाट बघत बसले.

सेक्रेटरी आता रोज ऐकवतात की आंबे वाढले तर तोडायला पालिकेची परवानगी लागेल. हे म्हणतात, "राहू दे, लोणच्याला होतील." पेरू तेवढा खरा निघाला.

गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनींनी एक जाहिरात दाखवली. नाव वेगळं, नंबर वेगळा, 'होम गार्डन, फळझाडे व कुंपण, ५० टक्के ॲडव्हान्स'. नमुना म्हणून लावलेला फोटो माझ्या पट्टीचा, झाडं उतरवली त्या दिवशीचा. मागे दोरीवर ह्यांचा बनियन वाळतोय आणि कोपऱ्यात आमची कान तुटलेली लाल बादली आहे. तो फोटो तुमच्या मोबाइलवर आला तर त्या नंबरवर फोन करू नका, नंबर मला पाठवा.